गड दिसेल अशा गावी

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर बसते. पाहुणे आले की हमखास विचारतात, "मॅडम, लोहगडला जायचंय, काय काय घेऊ?" मी म्हणते, पाणी घ्या, खायला घ्या, वर काही मिळेल या भरवशावर राहू नका, आणि ऊन चढायच्या आत चढा. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगीन. आणि बीदरला गेलो तेव्हा आम्ही स्वतः हे सगळं इमानेइतबारे पाळलं आणि छान हसं करून घेतलं.

बीदरला जायचं कारण माझी लेक. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात तिच्याबरोबर शिकलेला एक मुलगा आपल्या गावी, म्हणजे बीदरला परत गेला, जुन्या शहरात त्यानं स्वतःचा दवाखाना काढला, आणि आता आमच्या बाईसाहेबांना तिकडं जाऊन त्याच्याशी लग्न करायचं होतं. "अगं, इतक्या लांब?" मी म्हटलं. तर म्हणते, "आई, गुडघे सगळीकडे दुखतात."

माझी हरकत नव्हती. नवऱ्याची तर नव्हतीच, त्याला मुलगा फोनवर बोलूनच आवडला होता. अडलं होतं ते माझ्या वडिलांपाशी. आबा सोमाटण्याजवळ परंदवडीला राहतात. वय ऐंशीच्या आसपास, अजून रोज शेतावर जातात. लेकीच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्याकडे गेल्या, पोहायला त्यांनीच शिकवलं. ती सरळ म्हणाली, "आबा हो म्हणाले तरच. ते नाही म्हणाले तर मी नाही करणार." मुलाला तसंच सांगितलं होतं तिनं. मी घाबरले, कारण आबा काय म्हणणार हे मला ठाऊक होतं.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. पोर द्यायची ती गड दिसेल अशा गावी. जात-पात, जमीन-जुमला हे सगळं पुढचं, आधी दारात उभं राहून लोहगड-विसापूर दिसतो का ते बघायचं. माझी एक आत्या मळवलीला दिली, एक पवन मावळात, मला लोणावळ्यात वलवणला. स्थळ बघायला गेले तेव्हा आबा माझ्या सासरच्या घरात शिरायच्या आधी गच्चीवर गेले होते, हे सासूबाई मरेपर्यंत हसून सांगायच्या. परंदवडीच्या आमच्या बांधावरून विसापूर समोर दिसतो आणि लोहगड त्याच्याआडून डोकावतो. वलवणहून उलटं, लोहगड पुढे आणि त्याची विंचूकाटा माची लांब पसरलेली. सासरी निघताना आबा मला म्हणाले होते, "करमलं न्हाई तर गडाकडं बघायचं. मी हिकडनं बघतच आसतो."

दुसरी रीत तुम्हालाही माहीत असेल. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नातवंड झालं की ही बंदी सुटते म्हणतात. आमच्या आबांची सुटली नाही. ते वलवणला यायचे, पण बारसं, वास्तुशांत असं काही असलं तरच. पाण्याची बाटली पिशवीत. तासाभरात उठायचे. "घोटभर चहा तरी घ्या," म्हटलं की, "आमच्या बाप-जाद्यांनी न्हाई घेतला," आणि चपलेत पाय.

तर अशा माणसाला मी बीदरचं सांगितलं. बांधावर बसले होते. म्हणाले, "तितनं गड दिसतो का?"

"आबा, ते कर्नाटकात आहे."

"मग कसं जमंल?"

लेक पुढे झाली. "आबा, तिथं गडच आहे. अख्खं शहर गडात आहे. तटाच्या आत त्यांचं घर आहे."

आबा तिच्याकडे वळले. "गडावर ऱ्हात्यात? माणसं?"

"हो."

"आजून?"

"हो आबा."

"मग एकदा बघाया पायजे," आबा म्हणाले.

नवऱ्याला रजा नव्हती. आम्ही तिघं निघालो, गाडी लेक चालवत होती, आबा पुढं बसले होते. मागे माझ्याशेजारी इंद्रायणी तांदळाचं पोतं, चिक्कीचे डबे आणि आबांची पिशवी. पिशवीत भाकऱ्या, ठेचा, कांदे, पाण्याच्या बाटल्या आणि एक दोरी. "दोरी कशाला?" तर म्हणे, "परका गड. काय सांगता येतंय?"

सोलापूर सोडलं तसे आबा अस्वस्थ व्हायला लागले. दोन्हीकडे सपाट रान, तूर, ज्वारी. डोंगराचं नाव नाही. "आगं, वाट चुकली आसशील. गड हितं कसा आसंल?" लेकीनं मोबाइलचा नकाशा दाखवला. "त्या मोबाइलला काय कळतंय," आबा म्हणाले आणि काचेला नाक लावून बसले. संध्याकाळी बीदरला पोचलो. तटाबाहेरच्या एका लॉजवर उतरलो. मुलाकडच्यांनी सकाळी अकराला बोलावलं होतं.

आबांनी आम्हाला पहाटे उठवलं. "चला, ऊन चढायच्या आत गड चढायचाय."

मी वैतागले. "आबा, अकराला बोलावलंय!"

"खालनं वर जायला येळ लागतो का न्हाई? आन् मी म्हातारा मानूस."

आता सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं! आमच्या डोक्यात गड म्हणजे चढ. मी साडीवर कॅनव्हासचे बूट घातले. लेकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर म्हणाली, तुम्हा दोघांना थांबवणं माझ्या बापाच्याही हातात नाही. आबांनी पिशवी पाठीला बांधली, काठी घेतली आणि आम्ही गाडीनं निघालो. पाच मिनिटांत समोर तांबड्या जांभ्या दगडाचा तट आला, उंच दरवाजा आला. दरवाजातून एक दूधवाला, दोन रिक्षा आणि शाळेची एक बस बाहेर पडली, आम्ही आत शिरलो. आत बाजार. मधोमध चौकात एक गोल बुरूज, त्याच्या पायथ्याशी चहाची टपरी. मग एक गल्ली, आणि एका पिठाच्या गिरणीपुढे लेकीनं गाडी थांबवली.

"हे घर," ती म्हणाली.

"आन् गड?"

"आबा, मघाशी दरवाजा लागला ना? तेव्हापासून आपण गडातच आहोत."

तेवढ्यात गिरणीचं शटर वर गेलं आणि आमच्या होणाऱ्या विहीणबाई दिसल्या. केस विंचरायचे राहिलेले, अंगावर गाऊन, खांद्यावर टॉवेल, हातात केरसुणी. आणि त्यांच्यासमोर पाठीला पिशवी बांधलेले आबा, बुटातली मी आणि तोंड लपवणारी पोरगी. मी स्वतः चेक-इनच्या आधी उगवणाऱ्या पाहुण्यांवर दात-ओठ खाते. त्या दिवशी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाई मात्र भल्या. केरसुणी टाकून हसत पुढे आल्या. "आलाव का? या, या. ते अकरा आम्ही उगं म्हणलं होतं." त्यांचे यजमान मुलगा शाळेत असतानाच गेले होते, तेव्हापासून गिरणी त्याच चालवत होत्या. मुलगा आतून दात घासता घासता बाहेर आला, आबांना बघून ब्रशसकट वाकला, आणि मला तिथंच तो आवडला.

बसलो. बाईंनी घाईनं साडी नेसून पाणी आणलं. आबांनी हात जोडले, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि घोट घेतला. उद्या लेकीचं होणार ते घर आजपासूनच लेकीचं, असा त्यांचा हिशोब. मग पोहे आले, तेही नको. फडक्यातून भाकरी काढली. मी मुलाच्या आईला रीत समजावून सांगितली. त्या "बरं बरं" म्हणाल्या, पण चेहरा उतरलाच. कोणाचा नाही उतरणार? लेक माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे.

भाकरी खाऊन झाल्यावर आबांनी मूळ मुद्दा काढला. "घर चांगलं हाय. पोरगं बी चांगलं हाय. माजं एकच म्हननं हाय. उद्या पोरीला करमलं न्हाई तर तिनं कुटं बघायचं?"

कोणालाच काही कळलं नाही. मी परत समजावलं. विहीणबाईंनी नीट ऐकून घेतलं, गिरणीत गिऱ्हाइकाचे डबे आले होते ते बाजूला ठेवायला सांगितले आणि पदर खोचून म्हणाल्या, "चला माझ्यासंगं. दाखवते."

घरामागच्या गल्लीच्या टोकाला तट होता, आणि तटावर जायला पायऱ्या. आबांना फार आनंद झाला. शेवटी एकदाचं चढायला मिळालं! लेक मागून सूचना देत होती, "आबा, चांगला पाय आधी. काठी नंतर." "तू गप. मी तुझ्या आईला खांद्यावर घिऊन विसापूर चढलोय," असं म्हणत आबा वर पोचले.

पलीकडे जमीन संपली होती. तटाच्या बाहेर एकदम उतार, खाली खोल शेतं, झाडं, तळं, एक रस्ता दूरवर गेलेला. आम्ही सपाटीवरून आलो म्हणून कळलंच नव्हतं, सगळं शहरच पठाराच्या काठावर बसलेलं होतं.

"आरं तिच्या! आपुन वरच हाय की!" आबा ओरडले. पोरासारखे हसले. तटाच्या दगडावर हात फिरवला, खाली वाकून बघितलं, मग वळून आत बघितलं. आत गच्च्यांवर कपडे वाळत होते, कुठंतरी फोडणी बसली होती, कुठं कुकरची शिट्टी. "आपल्या गडावर आता फकस्त ऐतवारची पोरं आन् माकडं. हितं बघ, भाजी शिजतीया." मला वाटलं, जमलं!

मग त्यांनी विचारलं, "आपला मुलूख कंच्या अंगाला?"

मुलानं पश्चिमेकडे, शहराच्या अंगाला हात केला. आबा डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. तिकडं गच्च्या, मोबाइलचे टॉवर आणि धूळ.

"न्हाई दिसत," आबा म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. पंचक्रोशीत ताठ मानेनं वावरणारा माणूस खांदे पाडून उभा होता. "न्हाई जमायचं, पोरी. तू हितनं बघशील आन् मी तितनं, पर दोगांना दिसंल आसं मधी काय न्हाई."

लेकीनं मान खाली घातली. रडली नाही. "बरं आबा," एवढंच म्हणाली. तो मुलगाही बिचारा मधे पडला नाही, त्याच्याकडून तिनं आधीच कबूल करून घेतलं होतं ना.

विहीणबाई बोलल्या. त्यांनी खालच्या रस्त्याकडे बोट केलं. "आबा, माझं माहेर तिकडं. हितून दिसत न्हाई. नवीन लग्न झाल्यावर मी रोज संध्याकाळी हितं येऊन थांबायची. माहेर न्हाई दिसलं कधी, पण तो रस्ता दिसायचा. आन् त्या रस्त्यानं माझा बाप यायचा. सायकलवर. कधी मिरच्या घेऊन, कधी उगंच. येऊन गिरणीत बसायचा, पोत्यावरच झोपायचा." मग त्यांनी आबांना सरळच विचारलं, "तुम्ही लेकीकडं जाताव का न्हाई?"

"तिच्या तितनं गड दिसतो," आबा म्हणाले.

"गडाचं न्हाई हो. तुमचं इचारलं मी."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, मी सांभाळून घेईन. नेहमी घेते. पण पोरीची ती खाली गेलेली मान बघून माझं डोकं फिरलं होतं, आणि एकदा फिरलं की मला कोणी आवरू शकत नाही.

"नाही येत," मी म्हणाले. "अर्ध्या तासावर आहे मी, आबा, तरी येत नाही. पहिल्या वर्षी मी कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जायचे आणि त्या विंचूकाट्याकडे बघून रडायचे. तुम्ही तिकडून बघताय म्हणून समाधान मानायचं. कशाचं समाधान? मला गड नको होता. तुम्ही यावं, खुर्चीत बसावं, माझ्या हातचा चहा प्यावा, साखर जास्त झाली म्हणून ओरडावं, एवढं पाहिजे होतं मला. मला आयुष्यभर गड दिसला, आबा. तुम्ही नाही दिसलात!"

परक्या गावात, परक्या तटावर, होणाऱ्या विहिणीसमोर मी हे बोलले. वर एक पतंग फाटून दगडात अडकला होता, तो फडफडत होता तेवढाच आवाज.

आबा काठीला धरून हळूहळू खाली बसले. मला वाटलं, मी आज सगळं घालवलं, पोरीचं लग्नही आणि बापही. विहीणबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला. त्यांच्या हाताला पीठ होतं.

शेवटी आबांनी मुलाला विचारलं, "हितं रेल्वे येती का रं?"

"येते की आबा. पुण्याहून बसलात की थेट."

"बसायला जागा मिळती?"

"मी रिझर्वेशन करून देईन. न्यायलाही येईन."

"न्यायला कशाला? मी काय आंधळा हाय?" आबांचा आवाज जाग्यावर आला. "आन् काय गं, व्हिडिओ फोन म्हनत्यात त्ये करशील ना रोज?"

"करीन आबा," लेक म्हणाली. आता ती रडत होती.

"पर त्यात तुझं नुसतं नाकच दिसतं. त्ये काय उपेगाचं न्हाई. मीच येईन." मग ते विहीणबाईंकडे वळले. "ताई, पोर तुमची. मी शबूद देतो."

बाई पायऱ्यांकडे धावल्या. "थांबा, साखर आणते. पाणी आणते. आता तर प्याल की न्हाई?"

आबांनी हात जोडले. "पिईन. फुडल्या येळंला नक्की पिईन. पर आज न्हाई. त्याच्याआदी एका घरचं ऱ्हायलंय."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. खरं सांगते, मी रागाच्या आणि आनंदाच्या मधे कुठंतरी लोंबकळत होते.

दुपारभर आबा जुन्या शहरात फिरले. प्रत्येक दरवाजापाशी थांबून बिजागऱ्या बघितल्या. भाजीवालीला भाव विचारला आणि आमच्याकडे स्वस्त आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा विहीणबाईंनी ताज्या दळलेल्या ज्वारीचं पीठ दिलं. ते मात्र आबांनी घेतलं. पीठ म्हणजे पाणी नव्हे, असं मलाच वर ऐकवलं.

पुणं मागे टाकलं, घोरावडेश्वराचा डोंगर गेला, ऊन कलतं झालं आणि समोर विसापूर दिसायला लागला. आबांनी नेहमीसारखे हात जोडले. सोमाटण्याला परंदवडीचा फाटा आला. लेकीनं गाडी हळू केली, इंडिकेटर लावला.

"फुडं चल," आबा म्हणाले.

"आबा, तुमचा फाटा."

"दिसतोय मला. फुडं चल, वलवनला."

लेकीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी पोचलो. नवरा दारात, सासऱ्यांना बघून गडबडला. आबा आत आले. दरवाजाजवळच्या स्टुलावर ते नेहमी टेकायचे, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसले. पिशवीतली बाटली काढली, तिच्यात पाणी अजून होतं. ती त्यांनी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतली.

"पानी आन," मला म्हणाले.

मी तांब्या भरून आणला. देताना थोडं त्यांच्या धोतरावर सांडलं. त्यांनी वरूनच धार धरून सगळा तांब्या रिकामा केला. मिशा पुसल्या.

"आता च्या टाक. साखर जास्त घाल, मला वरडायचंय."

मी हसत रडत आत गेले आणि खरंच दुप्पट साखर घातली. चहा दिला. ओरडले नाहीत, फुंकर घालत प्यायले. बाहेर अजून उजेड होता. मी म्हटलं, "आबा, वर गच्चीवर येता? आमच्याकडून गड कसा दिसतो ते दाखवते."

"गड आसू दे गं," आबा म्हणाले. शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं त्यांनी उचलली आणि खाली ठेवली. "तू बस हितं."